चार नंबरचा नोझल

ट्रकच्या इंजिनावर सहा नोझल होते. प्रत्येकाच्या डोक्यावर एक जाड पाइप, पाइपाला एक नट, आणि नोझल जागेवर दाबून धरायला एक लोखंडी पट्टी आणि तिचा बोल्ट. सहापैकी पाच बोल्टांवर पान्याचे ताजे ओरखडे दिसत होते. चौथ्या बोल्टावर एकही नव्हता. चौथ्या नोझलच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर साचून वाळला होता, अंगठ्याएवढा जाड.

"आधीच्या मिस्त्रीनं पाच खोलले आणि एक सोडला," मी म्हणाले.

"कंटाळा आला असंल," मुरलीमामा म्हणाला. "पाना दे. सतराचा."

गाडी जुन्या पद्धतीची होती. इंजिनाचा निम्मा भाग केबिनमध्ये घुसलेला, ड्रायव्हर आणि क्लीनर यांच्या सीटच्या मधोमध, आणि त्यावर पत्र्याचं झाकण. त्या झाकणाला सगळे बॉनेटच म्हणत. त्यावर घडी केलेली वाकळ होती. आम्ही ती आधीच उचलून मागच्या झोपायच्या फळीवर ठेवली होती आणि झाकण काढलं होतं. इंजिन चालूच होतं. ते पाण्यातून चालणाऱ्या लंगड्या बैलासारखं हलत होतं आणि मागून काळा धूर सोडत होतं.

मामानं पहिल्या पाइपाचा नट अर्धा आटा सैल केला. तिथून डिझेल बाहेर उडालं, त्या सिलिंडरला मिळेनासं झालं, आणि इंजिन आणखी लंगडलं. म्हणजे पहिला कामाचा होता. मामानं नट पुन्हा आवळला. दुसरा, तिसरा, तसंच. चौथा नट सैल केला तेव्हा आवाजात काहीच फरक पडला नाही. मामानं माझ्याकडं पाहिलं. त्यानं पुन्हा आवळला, पुन्हा सैल केला. काही नाही.

"चार नंबर मेलाय," मामा म्हणाला.

"असं बोलू नका मामा," खालून आवाज आला.

गाडीचा ड्रायव्हर बिराप्पा बंडगर दारात एक पाय पायरीवर ठेवून उभा होता. तिशीचा, अंगानं काटक. कपाळावर बाम चोळलेला, इतका की उन्हात चकाकत होता.

"अरे नोझल मेलाय म्हणतोय मी," मामा हसला. "तुला काय झालं? नाव ठेवलंयस का त्याचं?"

"चार नंबरला हात लावायचा न्हाई. बाकीचं काय असंल ते करा."

"बाकीचे पाच ठणठणीत हायत. त्यांचं काय करू, आरती?"

बिरा हसला नाही. "त्यो आण्णानं बसिवलेला हाय," तो म्हणाला. "त्याच्या हातचा हाय. त्यो तसाच ऱ्हाऊ द्या." आण्णा म्हणजे त्याचा वारलेला थोरला भाऊ.

हे सगळं सांगोल्याच्या बायपासला मामाच्या पंप-नोझलच्या दुकानासमोर घडत होतं. मी तेव्हा रसायनशास्त्राची पदवी घेऊन एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागले होते. हंगाम संपला की कारखान्यात काम नसे, मग मी मामाकडे यायची. मला नोझल आवडायचे. केसाएवढ्या भोकातून डिझेल धुक्यासारखं फवारायचं, आणि एका ठरावीक दाबालाच. त्या दाबाच्या खाली एक थेंबही गळता कामा नये. कारखान्यात इतकं काटेकोर काही नव्हतं.

मी चमच्यानं थोडं डिझेल चौथ्या नोझलच्या बुडाशी ओतलं. ते लगेच उकळल्यासारखं बुडबुडे धरू लागलं. कान जवळ नेला तर फुस्, फुस्, फुस्, अगदी इंजिनाच्या तालात. दुसऱ्या नोझलशी ओतलं. डिझेल तिथं शांत पडून राहिलं.

"मामा, जळालेला गॅस इथून वर येतोय. खालचा वॉशर बसलेला नाही."

"तांब्याचा वॉशर चेपला असंल. खोलल्याशिवाय कसं कळणार? आणि हा तर खोलू दीना." मामानं पाना बिराकडं रोखला. "वैनीनं पाठवलंय नव्हं तुला? ॲव्हरेज पडलंय म्हणून?"

"पाच नोझल तपासा म्हणून पाठवलंय."

"पाच म्हणाली का ती?"

बिरा कपाळ दाबत म्हणाला, "डोकं लई दुखतंय. जरा बसतो आत." त्यानं झाकण स्वतःच जागेवर टाकलं, त्यावर वाकळ तिच्या घडीसकट नीट पसरली, आणि काचा वर केल्या. इंजिन त्यानं बंद केलं नाही.

उन्हाळ्यात, काचा वर करून. मी दुकानात जाऊन माझी पिशवी उघडली. कारखान्यात बॉयलरजवळ काम करताना आम्हाला खिशात कार्बन मोनॉक्साइडचा मीटर ठेवावा लागे. काडेपेटीच्या दुप्पट आकाराचा, समोर आकडा दाखवणारा. हवा स्वच्छ असली की शून्य. पस्तिसाच्या वर गेला की किंचाळतो. हंगाम संपताना तो परत करायचा माझ्याकडून राहिला होता. मी तो मुठीत धरला आणि क्लीनरच्या बाजूचं दार उघडून आत जाऊन बसले.

"बिराभाऊ, बसू का?"

"बसा की ताई. दार लावून घ्या."

मी दार लावलं. आत डिझेलचा, बामचा आणि जुन्या कापडाचा वास होता. आमच्या दोघांच्या मध्ये ती वाकळ घातलेलं झाकण, खालून इंजिनानं थरथरणारं. बिरा त्या वाकळेवर काही ठेवत नव्हता. बिडीचं बंडल, पाण्याची बाटली, मोबाइल, सगळं त्यानं डॅशबोर्डवर कोंबलेलं होतं.

"इथं बसायचे का तुमचे आण्णा?" मी विचारलं.

"बसायचे न्हाई. बसतात." त्यानं ते सहज सांगितलं. "आधी मीच इथं बसायचो, बारका हुतो तवा. आण्णा गाडी चालवायचा. मग मी शिकलो, मग आण्णा इथं बसायला लागला. म्हनायचा, फळीवर झोप येती, हितं बसलं की तुझ्यावर नजर ऱ्हाती."

"आणि आता?"

"आता बी तसंच. लगीच न्हाई येत. जरा वेळ बसावं लागतंय. डोकं जड व्हतं, कानात गुं गुं व्हतं, मग हितं वजन पडल्यासारखं वाटतं." त्यानं वाकळेच्या दिशेनं हनुवटी हलवली. "मग दिसतो. पाठ तुमच्या दाराला, पाय माज्याकडं."

"रोज?"

"इंजिन चालू असलं की. बंद केलं की न्हाई येत. मी करून बघितलंय."

मीटर मुठीत किंचाळला. बिरा दचकला. मी आकडा पाहिला: अडतीस. आवाज बंद केला आणि मीटर तसाच हातात धरला.

"हे काय हाय?"

मी त्याला सांगितलं. डिझेल नीट जळलं नाही की एक वायू तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही. चौथ्या नोझलच्या बुडातून तो या झाकणाखाली येतो आणि झाकणाच्या कडेनं केबिनमध्ये. रक्तात प्राणवायूची जागा तो घेतो. आधी डोकं दुखतं, कानात आवाज येतो, मग माणसाला नसलेलं दिसतं. मी हे वर्गात समजावल्यासारखं सांगत होते, आणि सांगताना आकडा सत्तरवर गेला होता.

बिरानं ऐकून घेतलं. "मंग तुमाला दिसला का?"

"नाही."

"तुमी बी हेच हुंगताय की."

"मी आत्ताच आले. तुम्ही तासन् तास बसता."

"म्हंजे तुमी तासभर बसला तर तुमाला माजा आण्णा दिसंल?"

मला कोण दिसेल, हे मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. आकडा एकशे दहा झाला. माझ्या कानशिलात ठोके पडायला लागले होते, किंवा मला तसं वाटत होतं.

"आण्णा कसे गेले?"

"झोपंत. डाक्टर म्हनला हार्ट. गेल्या थंडीत, मार्केट यार्डात गाडी रांगंत हुती. मी नंबर लावायला गेलतो. आलो तर..." त्यानं मागच्या फळीकडं न बघता हात केला. "हितं."

"काचा बंद होत्या?"

"थंडी हुती म्हनलं नव्हं."

"नोझल त्यांनी कधी बसवला होता?"

"त्याच्या आदल्या आठवड्यात."

पुढचा प्रश्न माझ्या तोंडातून आपोआप आला. प्रयोगात एक गोष्ट बदलली की दुसरी विचारायची, इतक्या सवयीनं. "इंजिन चालू होतं?"

बिरानं माझ्याकडं पाहिलं. मग त्यानं त्याच्या बाजूचं दार उघडलं आणि खाली उतरला. मी आकडा पाहिला. एकशे नव्वद.

मीही उतरले. मामा पंपाच्या बेंचवर काम करत होता. मी त्याला मीटर दाखवला आणि सगळं सांगितलं. इंजिनाचा प्रश्न मात्र सांगितला नाही. मामानं हात पुसले, आत जाऊन चावी फिरवून इंजिन बंद केलं, चावी स्वतःच्या खिशात घातली आणि फोन लावला.

"शालनबाई, गाडी तुमच्या नावावर हाय. तुमी या. न्हाई, फोनवर न्हाई. याच."

बिराची वहिनी दुपार कलायच्या आत वडापच्या शेअर जीपमधून उतरली. पस्तिशीची, उंच, पदर खोचलेला. तिनं आधी बिराच्या कपाळाला हात लावून पाहिला, आजारी पोराला लावावा तसा. मग मामाला म्हणाली, "बोला."

मामानं सांगितलं. गॅसचं सांगितलं, डोकेदुखीचं सांगितलं. आण्णाचं सांगायचं की नाही म्हणून तो थांबला. ते बिरानंच सांगितलं, चाकाला टेकून, जमिनीकडं बघत.

शालनचा चेहरा बदलला, पण मला वाटलं होतं तसा नाही. तिला राग आला होता.

"रोज येत्यात?"

"जवळजवळ."

"आणि मला सांगितलं न्हाई तुमी. मी तिकडं दाराला कडी न लावता झोपते. कुत्रं भुकलं तरी उठून बसते. एकदा न्हाई आलं हे माज्याकडं, स्वप्नात सुदिक न्हाई. आणि तुमच्याकडं रोज?"

"वैनी, ते गाडीत येतात. घरात कसं..."

"घर त्यांचं न्हवतं?"

मामा खाकरला. "शालनबाई, येतं-बितं काय न्हाई. ही पोरगी शिकलेली हाय, तिनं मोजलंय. विषारी हवा हाय ती. हा असाच बसत ऱ्हायला तर एक दिवस उठायचा न्हाई. आता तुमी सांगा, खोलू का नको."

"खोला," ती म्हणाली.

"वैनी."

"खोला म्हनले. एक गेलाय माजा. दुसरा न्हाई घालवायची मी."

बिरा गाडीच्या दारात जाऊन उभा राहिला, दोन्ही हात चौकटीला लावून. मामानं पाना खांद्यावर टाकला आणि वाट पाहिली. मामा भांडत नसे; तो गिऱ्हाइकाला दमवत असे.

"एका बोलीवर," शेवटी बिरा म्हणाला. "तुमी बदला. मग मी बसनार, इंजिन चालू करून, काचा लावून. आण्णा आला तर तुमचा नवा वॉशर ऱ्हाऊ द्या. न्हाई आला तर हाय त्योच जुना वॉशर परत घालायचा, आणि मग कुनी बोलायचं न्हाई."

"गाडी हाय का देव्हारा हाय रे?" मामा म्हणाला.

"बोली मान्य का न्हाई?"

"मान्य," शालन म्हणाली, आणि मामानं तिच्याकडं डोळे मोठे करून पाहिलं.

नोझल निघायला तयार नव्हता. तो डांबरी थर तासून काढला, डिझेल ओतून भिजत ठेवला, मग नोझल ओढून काढायचा पाना लावून मामा आणि बिरा दोघं ओढत राहिले. बिरानं हात लावला याचं मला आश्चर्य वाटलं. तो निघाला तेव्हा दारूच्या बाटलीच्या बुचासारखा आवाज झाला. टोक काळंनिळं पडलं होतं. त्याच्या खाली तांब्याचा वॉशर चिकटून आला. मी बॅटरी घेऊन भोकात पाहिलं. तळाशी आणखी एक होता.

मी तो आकडीनं काढला. मग मामानं बाकीचे पाचही नोझल काढले, कारण आता मला मोजायचंच होतं. सहा नोझल, सात वॉशर.

"जुना आत चिकटून ऱ्हायला, आणि त्याच्यावर दुसरा ठेवला," मामा म्हणाला. "नोझल तेवढा उचलला गेला. बाजूनं फट. लई जण करत्यात ही चूक. भोकात वाकून बघत न्हाईत."

शालन वॉशरांकडं बघत होती. तिनं एकएक बोटानं सरकवला. पाच काळपट जांभळे होते, तापवून पाण्यात बुडवलेल्या तांब्याचा असतो तसा रंग. एक लालसर, नवा. आणि जो तळातून निघाला तो जळून काळा.

"हे पाच मी तापवलेत," ती म्हणाली. "चुलीत, लाल हुस्तवर. मग पाण्यात टाकायचे, म्हंजे मऊ पडत्यात. तेंनीच शिकवलं हुतं. पाचच आनून दिले. मी म्हनलं सहावा? म्हनले, कुठं पडला काय की, नवा घिऊन येतो." ती जरा थांबली. "पडला नव्हता तर."

"नव्हता," मी म्हणाले.

तिनं माझं मनगट धरलं आणि मला दुकानाच्या बाजूला, रिकाम्या पिंपांच्या आड नेलं.

"ताई, हे बी याच्यानंच गेले का?"

मला एकशे नव्वद आठवत होते. बंद काचा आठवत होत्या, आणि बिरानं न दिलेलं उत्तर. "कुणी तपासलेलं नाही," मी म्हणाले. "रक्त तपासलं असतं तर कळलं असतं. आता नक्की सांगता येणार नाही."

"मला नक्की नको हाय."

मी पिंपांकडं पाहिलं. तिनं माझ्या तोंडाकडं पुरेसा वेळ पाहिलं आणि मनगट सोडलं.

"भावजींना सांगू नका," ती म्हणाली. "चूल माजी, हात तेंचा. भावजींचं त्यात काय न्हाई. उगं तेंनी डोक्यात घ्यायला नको."

आम्ही परत आलो. मी चौथा नोझल टेस्टरला लावला. हातदांडा दाबला की दाब चढतो आणि ठरलेल्या जागी नोझल उघडून धुकं सोडतो. या गाडीला दोनशेवीस हवा होता. हा दीडशेलाच उघडला, आणि धुक्याऐवजी पोराची लाळ गळावी तसं टोकातून डिझेल गळत राहिलं. मामानं नवा लावला. दोनशेवीस, बारीक धुकं, कर्रर आवाज. बिरा हे बघत होता. आम्ही सहाही जागा पुसून, भोकात बॅटरी मारून, सहा नवे वॉशर टाकले आणि बोल्ट आवळले. निघालेले सात वॉशर शालननं उचलून मुठीत घेतले.

मामानं चावी बिराच्या हातात दिली.

सेल्फ-स्टार्टर दोनदा नुसता खटखटला, तिसऱ्यांदा इंजिन एका झटक्यात उठलं. सहाही सिलिंडर बोलत होते. आवाज असा एकसारखा की शेजारच्या दुकानातला माणूस बाहेर बघायला आला. मी चौथ्याच्या बुडाशी डिझेल ओतलं. शांत. मग बिरानं झाकण टाकलं, त्यावर वाकळ पसरली. मी मीटर डॅशबोर्डवर ठेवला. जाता जाता जुना आकडा पुसला. सगळ्यांत वर गेलेला आकडा लक्षात ठेवायची सोय त्यात होती. बिरानं काचा लावल्या.

आम्ही लिंबाच्या सावलीत उभे राहिलो. काचेतून तो दिसत होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर, मान वाकळेकडं वळलेली. मामानं चहा मागवला. चहा आला, प्यायला, कप परत गेले. बिरानं मान वळवलेलीच होती. एकदा त्यानं हात लांब करून वाकळेची घडी सारखी केली. पुन्हा वाट पाहिली. लिंबाची सावली गाडीच्या पुढच्या चाकावरून सरकून बंपरवर आली.

मग तो उतरला. चेहऱ्यावर घाम होता, पण डोळे स्वच्छ होते, सकाळपासून पहिल्यांदाच.

"न्हाई आला," तो म्हणाला.

मामा गाडीकडं दोन पावलं गेला.

"डोकं बी जड न्हाई झालं. कायच न्हाई." त्यानं मामाकडं पाहिलं. "बोली ठरलीय. जुने घाला."

"बिरा, अरे..."

"वैनी, वॉशर द्या."

शालननं मूठ छातीशी धरली. "मी बसते," ती म्हणाली.

"तुमी?"

"माजा नवरा हुता. मी अजून बसले न्हाई. मी बसून आले की मग घाला काय घालायचं ते."

मी पुढं झाले. तिला सांगावं वाटलं की आता आत काहीच नाही, हवा बाहेरच्याइतकीच स्वच्छ आहे, काही दिसायचं कारणच उरलेलं नाही. पण ती पायरी चढली होती. वाकळेला हात न लावता, अंग चोरून पलीकडं सरकली आणि क्लीनरच्या सीटवर बसली. मी दार लावलं.

ती बिरासारखी वळून बसली नाही. समोरच्या काचेतून सरळ बघत राहिली, रस्ता चालू असल्यासारखी. पदर डोक्यावर घेतला. बिरा माझ्या बाजूला उभा होता आणि त्याच्या श्वासाचा आवाज मला इंजिनाच्या आवाजातही ऐकू येत होता. बराच वेळ तिनं काहीच केलं नाही. मग तिनं मान थोडी बाजूला कलवली, शेजारच्याचं बोलणं आवाजात नीट लागत नसलं की आपण कलवतो तशी. तिचे ओठ हलले नाहीत. ती नुसती ऐकत होती. एकदा तिनं मान डोलावली. मग पुन्हा एकदा.

मामानं माझा दंड धरला होता, हे मला त्यानं सोडल्यावर कळलं.

ती उतरली ती सावकाश, आधी एक पाय, मग दुसरा, हातात ओझं असल्यासारखी. सरळ बिरासमोर आली.

"भावजी. त्या दिसी तुमी चावी फिरवत हुता. बंद करत हुता इंजिन."

बिरा हलला नाही.

"हे म्हनले, ऱ्हाऊ दे. सेल्फ घेत न्हाई, यार्डात धक्का द्यायला मानसं कुठनं आनायची. तुमी म्हनला, आण्णा, धूर येतोय आत. हे म्हनले, जा तू, नंबर लाव, मी तोंडावर पांघरून घेतो." तिचा आवाज कापत नव्हता. निरोप सांगताना माणूस शब्द विसरू नये म्हणून बोलतो, तसं ती बोलत होती. "बिराला सांग म्हनले. मीच सांगितलं हुतं चालू ठेव म्हनून. त्यानं ऐकलं, एवढंच."

बिरा खाली बसला. चाकाजवळच्या तेलकट मातीत, दोन्ही गुडघे वर करून. शालन त्याच्यापुढं उकिडवी बसली.

"हे कुनाला सांगितलं न्हवतं मी," तो शेवटी म्हणाला. "कुनालाच. पोलिसाला बी न्हाई. डाक्टरला न्हाई. मला ठाव हुतं, वैनी. पहिल्या दिसापासनं ठाव हुतं. डोकं दुखायला लागलं तवाच कळलं आण्णा कशानं गेला. म्हनून तर बसत हुतो."

"माहीत हाय."

"तुमाला कुनी सांगितलं?"

"आत्ता सांगितलं की."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. ती नजर चुकवत नव्हती. मी तिचा चेहरा बघत होते, एखादा थेंब कोणत्या दाबाला सुटतो ते बघावं इतक्या बारकाईनं, आणि मला त्यात काही सापडलं नाही. त्यानंतर माझी नोकरी गेली, दुसरी लागली, लग्न झालं, गाव सुटलं. तो चेहरा मी अजूनही तसाच आठवू शकते, आणि अजूनही त्यात काही सापडत नाही.

शालननं मूठ उघडली. वॉशरांच्या कडांनी तळव्यात गोल वळ उठले होते. तिनं ते मामाच्या हातात ओतले. मामानं बिराकडं पाहिलं. बिरानं मान हलवली, नको अशी. मामा दुकानात गेला, आणि तांब्याच्या भंगाराच्या डब्यात ते पडल्याचा आवाज आला.

"सेल्फचं बी बघा मामा," बिरा मातीतूनच म्हणाला. "लई दिवस तसाच हाय."

इंजिन अजून चालू होतं. ते बंद करायला मी ड्रायव्हरच्या बाजूनं वर चढले. चावी फिरवली. शांतता झाली तेव्हा वाकळ अजून किंचित थरथरत होती, मग तीही थांबली. मी डॅशबोर्डवरचा मीटर उचलला आणि बिरा आत बसल्यापासून शालन उतरेपर्यंतचा सगळ्यांत वरचा आकडा पाहिला.

शून्य.